वाळू सांधणारे जिवाणू आणि त्यांना थांबवून धरणारी चिकणमाती

१६ जून १९६४ रोजी जपानमधल्या निइगाता शहराला भूकंपाचा मोठा धक्का बसला. तिथल्या काही रहिवासी इमारती मोडल्या नाहीत, त्या जागच्या जागी कलंडल्या. भिंती बऱ्याच अंशी शाबूत होत्या, खालच्या जमिनीनेच साथ सोडली होती. पाण्याने भरलेली सैल वाळू हादरली की कण एकमेकांत घट्ट बसायला बघतात, पण मधल्या पोकळ्यांतलं पाणी तेवढ्या झटकन बाहेर पडू शकत नाही. मग वरचा भार कणांवरून पाण्यावर जातो आणि एरवी टणक वाटणारी जमीन काही काळ द्रवासारखी वागते. याला द्रवीकरण म्हणतात.

वाळूची अडचण अशी की तिचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. घर्षण असतं, चिकटपणा नसतो. हे कण ठिकठिकाणी जरी सांधले गेले तरी द्रवीकरणाचा धोका खूप कमी होतो, उतार ढासळत नाहीत, वाऱ्याने वाळू उडत नाही. आजवर हे काम मुख्यतः सिमेंटने किंवा रसायनांनी होत आलं. पण सिमेंटचे कण बारीक वाळूच्या पोकळ्यांत शिरता शिरता अडकतात, ते आत ढकलायला मोठा दाब लागतो, आणि जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंट उद्योगाचा वाटा साधारण ७ ते ८ टक्के आहे. म्हणून गेल्या वीसेक वर्षांत संशोधकांचं लक्ष एका जुन्या नैसर्गिक प्रक्रियेकडे वळलं: जिवाणूंच्या मदतीने जमिनीतच चुनखडी तयार करायची.

या प्रक्रियेत अलीकडे एक भर पडली आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. वाळूत थोडी चिकणमाती मिसळली तर जिवाणूंचं काम सुधारू शकतं. ऐकायला हे विचित्र वाटतं, कारण बांधकामात वाळूतली माती म्हणजे दोष. वाळू धुऊन घ्या, चाळून घ्या, असंच आपण ऐकत आलो. मग इथे तीच माती उपयोगी कशी पडते? त्यासाठी आधी जिवाणू नेमकं काय करतात ते पाहायला हवं.

जिवाणूंची चुनखडी

या कामात सर्वांत जास्त वापरला जाणारा जिवाणू म्हणजे स्पोरोसार्सिना पाश्चुरी. तो मातीत सापडतो, सर्वसाधारणपणे माणसाला अपायकारक समजला जात नाही, आणि त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) भरपूर असतं. हे विकर युरियाचं विघटन करतं. युरियाच्या एका रेणूतून शेवटी एक कार्बोनेट आणि दोन अमोनियम आयन मिळतात, आणि द्रावणाचा सामू (pH) वाढून ९ च्या आसपास जातो. आता या पाण्यात कॅल्शियम असेल, म्हणजे आपण कॅल्शियम क्लोराइड विरघळवून सोडलं असेल, तर कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन कॅल्शियम कार्बोनेट बनतं. त्याचे स्फटिक वाळूच्या कणांवर बसतात. त्यातला टिकाऊ प्रकार म्हणजे कॅल्साइट. चुनखडीचा दगड मुख्यतः त्याचाच असतो.

जिवाणूची भूमिका इथे दुहेरी आहे. एक तर तो विकर पुरवतो. दुसरं म्हणजे त्याच्या पेशीच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, त्यामुळे धनभारित कॅल्शियम आयन तिथे गोळा होतात आणि स्फटिकाची सुरुवात व्हायला जागा मिळते. या विकराचं काम वनस्पतींकडूनही घेता येतं. १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी जॅक बीनच्या बियांतून युरिएज शुद्ध स्फटिकरूपात मिळवलं, आणि विकर स्फटिकरूपात मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. आज सोयाबीनसारख्या बियांचा अर्क वापरूनही वाळू सांधण्याचे प्रयोग होतात. पण या लेखात जिवाणूंवरच थांबू.

ही कल्पना प्रयोगशाळेच्या नळीपुरती राहिलेली नाही. ऑस्ट्रेलियातल्या मर्डोक विद्यापीठात व्हिक्टोरिया व्हिफिन यांनी २००४ मध्ये जैव-सिमेंटवर प्रबंध लिहिला. पुढे नेदरलँड्समध्ये १०० घनमीटर वाळूवर मोठा प्रयोग झाला. २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात साधारण ४० घनमीटर वाळू दगडासारखी घट्ट झाली. उरलेली झाली नाही, आणि जी झाली तिचीही ताकद सगळीकडे सारखी नव्हती. आपला खरा प्रश्न इथून सुरू होतो.

चुनखडी किती यापेक्षा कुठे

समजा वाळूत ठरावीक वजनाची चुनखडी तयार झाली. तेवढ्यावरून वाळू किती मजबूत झाली हे सांगता येत नाही. स्फटिक दोन कण जिथे टेकतात तिथे बसला तर तो सांधा होतो. तोच स्फटिक कणाच्या उघड्या पाठीवर बसला तर कण थोडा खडबडीत होतो, बाकी काही नाही. विटांच्या मधल्या दरजांत भरलेला माल भिंत उभी ठेवतो. तोच माल प्रत्येक सुट्या विटेला बाहेरून थापला तर विटा सुट्याच राहतात. म्हणून सारख्याच चुनखडीचे दोन नमुने ताकदीला अगदी वेगळे निघू शकतात.

जाडसर, धुतलेल्या वाळूत ही अडचण जास्त जाणवते. त्यामागचं गणित पाहण्यासारखं आहे. अर्ध्या मिलिमीटरचे कण एकमेकांत घट्ट बसले तरी त्यांच्या मधली अरुंद वाट साधारण ७५ मायक्रॉनची असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सैल बसले तर २०० मायक्रॉनपर्यंत जाते. जिवाणूची लांबी दोन-तीन मायक्रॉन. म्हणजे त्याच्या दृष्टीने हा हमरस्ता आहे. आपण वरून जिवाणूंचं द्रावण सोडतो, काही तास थांबतो, मग युरिया आणि कॅल्शियमचं द्रावण सोडतो. या दुसऱ्या प्रवाहाबरोबर बरेच जिवाणू वाहून खालून बाहेर पडतात. जे राहतात ते कुठेतरी विखुरलेले, आणि चुनखडीही मग तशीच विखुरते. शिवाय जाड वाळूत दर घनसेंटिमीटरमागे कणांचे सांधे मुळातच कमी, आणि प्रत्येक सांध्याभोवतीची पोकळी मोठी. ती भरायला चुनखडी जास्त लागते. म्हणजे द्रावणाच्या फेऱ्या वाढतात, आणि त्याबरोबर युरिया, कॅल्शियम आणि मागे उरणारं अमोनियमही वाढतं.

चिकणमाती काय बदलते

चिकणमातीचे कण २ मायक्रॉनहून लहान आणि बहुतेक चपटे असतात. त्यांचं बळ पृष्ठभागात आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या गोल कणांची १ ग्रॅम वाळू घेतली तर तिचा एकूण पृष्ठभाग साधारण ४५ चौरस सेंटिमीटर भरतो, म्हणजे साधारण अर्ध्या तळहाताएवढा. केओलिन या पांढऱ्या चिकणमातीच्या १ ग्रॅमचा पृष्ठभाग मात्र १० ते २० चौरस मीटर असतो. याचा अर्थ एका ग्रॅम केओलिनमध्ये दोन ते चार किलो वाळूइतका पृष्ठभाग सामावलेला आहे. बेंटोनाइट या दुसऱ्या चिकणमातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचे थरांमधले आतले पृष्ठभागही मोजले तर आकडा ग्रॅममागे ८०० चौरस मीटरपर्यंत पोचतो. १ किलो वाळूत केवळ १० ग्रॅम केओलिन टाकलं तरी मिश्रणाचा पृष्ठभाग वीसपटीहून जास्त होतो. चिमूटभर मातीने फरक का पडतो, याचं हे उत्तर.

या पृष्ठभागाचे फायदे वेगवेगळ्या वाटांनी मिळतात. पहिला म्हणजे जिवाणू अडकतात. पण इथे एक कोडं आहे. जिवाणूवर ऋणभार आणि चिकणमातीच्या चपट्या बाजूवरही ऋणभार. मग ते एकमेकांना ढकलायला नकोत का? नुसत्या पाण्यात ढकलतातही. पण द्रावणात कॅल्शियम आलं की चित्र पालटतं. कॅल्शियमच्या आयनावर दोन धनभार असतात, त्यामुळे तो दोघांच्या मध्ये दुवा होतो, आणि पाण्यात क्षार वाढल्याने दोघांमधलं अपकर्षणही कमी अंतरापुरतं उरतं. परिणामी चिकणमाती आणि जिवाणू यांचे एकत्र पुंजके तयार होतात. सुटा जिवाणू सहज निसटला असता. पुंजका पोकळीच्या अरुंद तोंडाशी थांबतो.

दुसरा फायदा स्फटिकांच्या जन्माशी संबंधित आहे. मोकळ्या द्रावणात आयनांनी आपणहून एकत्र येऊन स्फटिकाचा पहिला अंकुर धरणं अवघड असतं. टेकायला पृष्ठभाग मिळाला तर ते सोपं होतं. चिकणमातीच्या कणांमुळे अशा टेकायच्या जागा असंख्य होतात. मग थोडे मोठे स्फटिक इकडेतिकडे वाढण्याऐवजी लहान स्फटिक पुष्कळ ठिकाणी उगवू शकतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ वाळूत कॅल्साइटचे कोनदार स्फटिक कणाच्या पाठीवर सुटेसुटे बसलेले दिसतात. चिकणमाती असलेल्या नमुन्यात माती आणि चुनखडी यांचा मिळून झालेला गोळा पोकळीत भरलेला दिसू शकतो.

तिसरा फायदा मला सर्वांत सुंदर वाटतो, कारण तो पाण्याच्या एका साध्या स्वभावावर उभा आहे. ओली वाळू सुकू लागली की पाणी शेवटी कुठे उरतं? दोन कण जिथे टेकतात तिथे. पृष्ठताणामुळे तिथे पाण्याची बारीक कडी टिकून राहते. वाळूत चिकणमाती असेल तर सुकताना ती या पाण्यामागोमाग सरकते आणि कणांच्या सांध्यांपाशी जमा होते. निसर्गातल्या मातीतही असे चिकणमातीचे पूल आढळतात. म्हणजे जिवाणूंना धरून ठेवणारा पदार्थ नेमका जिथे सांधा हवा तिथेच जाऊन बसतो. वाळू पूर्ण न भिजवता, अर्धवट ओली ठेवून प्रक्रिया केली तर कमी चुनखडीत जास्त ताकद मिळते, हे चिकणमाती नसतानाच्या प्रयोगांतही दिसलं आहे, आणि त्याचंही कारण हेच. पाणी जिथे टिकतं तिथे चुनखडी होते.

कोणती आणि किती

सगळ्या चिकणमाती सारख्या नसतात. केओलिन तुलनेने शांत खनिज आहे. ते पाण्यात फारसं फुगत नाही, आयनांची देवाणघेवाण कमी करतं. बेंटोनाइट त्याच्या अगदी उलट. सोडियम बेंटोनाइट पाणी शोषून अनेक पटींनी फुगतं आणि पोकळ्या बंद करतं. कचराभूमीच्या तळाशी पाणी झिरपू नये म्हणून वाळूत काही टक्के बेंटोनाइट मिसळून थर देतात; त्याने पाणी झिरपण्याचा वेग हजारो पटींनी घटतो. तिथे हा गुण हवाच असतो. इथे मात्र द्रावण आत गेलंच नाही तर जिवाणूंना युरिया पोचणार कसा?

गोष्ट एवढ्यावर संपत नाही. बेंटोनाइटच्या थरांतलं सोडियम कॅल्शियमच्या द्रावणात बदललं जातं. कॅल्शियम आत शिरलं की फुगणं कमी होतं, कणांचे गठ्ठे होतात, आणि पोकळ्या थोड्या मोकळ्या होतात. त्यामुळे बेंटोनाइट आधी साध्या पाण्यात भिजवलं की थेट कॅल्शियमच्या द्रावणाला भेटवलं, यावर निकाल बदलू शकतो. एखाद्या प्रयोगाचा निष्कर्ष वाचताना मी हा क्रम आवर्जून पाहतो.

प्रमाणाचं म्हणाल तर शून्यापासून वाढवत गेल्यावर ताकद आधी वाढते, एका टप्प्यावर पोचते आणि मग घसरते, असं हे वळण असतं. घसरणीची कारणं स्पष्ट आहेत. माती जास्त झाली की द्रावण आत जायची वाट बंद होते; वरचा थर टणक आणि खालचा कोरडा राहतो. शिवाय वाळूचे कण एकमेकांना टेकायचे थांबतात, त्यांच्या मध्ये मऊ मातीचा थर येतो, आणि चुनखडी मातीला चिकटली तरी माती स्वतःच घसरते. हा टप्पा कुठे येईल ते वाळूच्या जाडीवर आणि मातीच्या जातीवर ठरतं, म्हणून एकच आकडा सगळ्यांना लागू करणं चूक ठरेल. ढोबळ दिशा मात्र सांगता येते: वाळू जितकी जाड, तितकी तिला माती जास्त सोसते, आणि केओलिनपेक्षा बेंटोनाइट बरंच कमी पुरतं. मुळातच बारीक किंवा गाळमिश्रित वाळूत वेगळी माती घालण्याचं काही कारण नाही.

मिश्रण करायचं कसं, हाही प्रश्न आहे. प्रयोगशाळेत कोरडी वाळू आणि माती आधी एकत्र करून साच्यात भरतात. भराव, रस्त्याचा पाया, वाऱ्याने उडणारा वरचा थर अशा ठिकाणी, जिथे माती हलवता येते, तिथे हे जमतं. जमिनीखाली जागेवरच असलेल्या वाळूत ते शक्य नाही. तिथे माती पाण्यात कालवून, शक्य तर जिवाणूंसकट, आत सोडावी लागते, आणि मग वाळूच ती माती गाळून तोंडाशी अडवण्याचा धोका असतो. म्हणून ही पद्धत जाड वाळू, खडी किंवा भेगांसाठी जास्त योग्य. अशा कामाला मी केओलिनच निवडेन.

मोजताना होणारी फसगत

या विषयात आकडे फार सहज दिशाभूल करतात. वाळलेली चिकणमाती स्वतःच वाळू धरून ठेवते. भट्टीत सुकवलेला नमुना दाबून पाहिला तर ती ताकद जिवाणूंच्या खात्यावर जमा होते. नमुना नीट धुतला नसेल तर आत सुकलेले अमोनियम क्लोराइडचे क्षारही कणांना चिकटवतात. म्हणून नुसती वाळू आणि माती, नुसती वाळू आणि जिवाणू, आणि तिन्ही एकत्र, असे वेगवेगळे नमुने हवेत. आणि चाचणी धुऊन, भिजवून घेतलेली हवी. पाण्यात ठेवल्यावर विरघळतो तो सांधा मातीचा, टिकतो तो चुनखडीचा.

चुनखडी मोजण्याची नेहमीची रीत म्हणजे नमुना हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचा, फेस येऊन चुनखडी विरघळते, उरलेलं धुऊन सुकवून वजन करायचं. जेवढं वजन घटलं तेवढी चुनखडी. स्वच्छ वाळूत हे ठीक चालतं. माती असताना धुण्याच्या पाण्याबरोबर बारीक माती निघून गेली तर तीही चुनखडी म्हणून मोजली जाते. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणं अशा वेळी जास्त भरवशाचं.

अमोनियमचा हिशेब

या पद्धतीला सरसकट हरित म्हणून टाकण्याआधी एक हिशेब मांडायलाच हवा. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट बनवायला ६० ग्रॅम युरिया आणि १११ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड लागतं, आणि मागे १०७ ग्रॅम अमोनियम क्लोराइड उरतं. म्हणजे चुनखडीपेक्षा टाकाऊ क्षार जास्त. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५ मीटर उंच वाळूच्या स्तंभावरच्या प्रयोगात ताकदीतला फरक मोजता येण्याइतका दिसायला दर घनमीटरमागे ६० किलो चुनखडी लागली होती. त्या प्रमाणात एका घनमीटरमागे सुमारे ६४ किलो अमोनियम क्लोराइड तयार होतं. ते भूजलात गेलं तर नायट्रेटचं प्रदूषण ठरलेलं.

चिकणमाती हे अमोनियम धरून ठेवेल, असा एक आशावादी युक्तिवाद ऐकू येतो. मातीला अमोनियम धरता येतं हे खरं, पण किती? १ किलो वाळूत ५० ग्रॅम चांगलं बेंटोनाइट असेल तर ते जास्तीत जास्त ५० मिलिमोलच्या (मिलिमोल हे आयनांची संख्या मोजायचं एकक) आसपास अमोनियम धरू शकेल. त्याच वाळूत ३५ ग्रॅम चुनखडी करताना ७०० मिलिमोल अमोनियम निघतं. जेमतेम चौदावा भाग, आणि तोही कॅल्शियमशी स्पर्धा करून. त्यामुळे मातीकडून ही अपेक्षा ठेवू नये.

मातीचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. चुनखडी योग्य जागी बसली तर तीच ताकद कमी चुनखडीत मिळते, आणि चुनखडी निम्मी लागली तर अमोनियमही निम्मंच निघतं. पण याच मातीने पाण्याची वाट अरुंद होते, त्यामुळे उरलेलं अमोनियम धुऊन बाहेर काढायला जास्त वेळ लागतो. म्हणून मातीचं प्रमाण ठरवताना नुसता ताकदीचा आलेख पुरत नाही. प्रत्येक प्रमाणाला ताकद, पाणी झिरपण्याचा वेग आणि धुतल्यानंतर शिल्लक राहिलेलं अमोनियम हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवावे लागतात, आणि ताकदीचा सर्वोच्च बिंदू गाठण्याआधीच, थोड्या कमी मातीवर थांबणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं.